अकोल्याचं इंजेक्शन, हिवरखेडमार्गे

पुण्याची माणसं अमरावतीकडे जातात ती चिखलदऱ्याला, नाहीतर मेळघाटात वाघ दिसतो का ते बघायला. परत आली की फोटो दाखवतात. मी गेल्या जानेवारीत तिकडे फिरून आलो आणि माझ्याकडे दाखवण्यासारखा एकच फोटो आहे, औषधाच्या एका हिरव्या डबीचा. वाघाशी एकवेळ बोलता येईल. माझ्या सासऱ्यांशी नाही.

सासऱ्यांना घरात सगळे नाना म्हणतात आणि गावात वकीलसाहेब. अमरावतीच्या कोर्टात त्यांची उभी हयात गेली. मागच्या वर्षी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि निघाला तोच हाडांपर्यंत पोचलेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की हा मुळापासून जाणार नाही, पण दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन आणि रोजच्या गोळ्या नेमानं घेतल्या तर दाबून ठेवता येईल. नानांनी घेतलं. रक्ताचा रिपोर्ट उतरला, घरात पेढे वाटले. पण त्याच सुमारास कुणीतरी त्यांना ती हिरवी डबी आणून दिली होती. आत कॅप्सूल, त्यांत पानपिंपरी, हळद, डाळिंबाची साल आणि आणखी डझनभर वनस्पती. रिपोर्ट उतरल्याचं श्रेय कुणाला मिळालं, ते सांगायला नको.

पुढचं इंजेक्शन शुक्रवारी होतं आणि नानांनी घरात जाहीर केलं, "आता मी ते घेत नाही." सासूबाईंनी माझ्या बायकोला, वैदेहीला फोन केला. तिच्या शाळेचं गॅदरिंग त्याच आठवड्यात, म्हणून मी निघालो. "मी बोलले तर ओरडतील. जावयावर नाही ओरडणार," असं तिचं गणित. ते बरोबर होतं. पण वऱ्हाडात जावयालाही सासऱ्यावर ओरडता येत नाही, हे सांगायला ती विसरली. जावयानं तिकडे फक्त खायचं असतं.

बुधवार, अमरावती

नाना स्टेशनवर गाडी घेऊन आले होते. पहाटेची थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती, आणि गाडीच्या चारही काचा खाली. मी काच वर केली. नानांनी त्यांच्या बाजूच्या बटणानं ती परत खाली केली.

"अमरावतीची हवा घ्या जवाईबापू. पुण्यात कुठे भेटते अशी?"

घरी पोचेपर्यंत माझे कान बधिर झाले होते. त्यावर सासूबाईंनी गरम गिलावडा समोर ठेवला, दह्यात भिजवलेला, वर हिरवी चटणी. तो खाऊन मी सगळं माफ केलं.

मग माणसं यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना लोक आधी फोन करतात आणि दहा मिनिटांत उठतात. इथे दुपारचा चहा झाला तरी कुणी हलेना, आणि प्रत्येकाच्या खिशात एक औषध. शेजारचे निवृत्त मास्तर लक्ष्मणफळाची पानं घेऊन आले. पूजा सांगणारे गुरुजी गोमूत्राच्या अर्काची बाटली घेऊन आले आणि "साइड इफेक्ट अजिबात नाही" असं म्हणाले, जणू त्यांनीच ते तपासलं होतं. नानांचे जुने ज्युनियर गव्हांकुरांची कुंडीच घेऊन आले. कुंडी माझ्या मांडीवर ठेवली गेली, कारण टीपॉयवर जागा नव्हती.

"याच्यानं बरं झालेलं कुणी पाहिलंय का तुम्ही?" मी त्या ज्युनियरांना विचारलं.

"आमच्या साळ्याच्या शेजाऱ्याचे काका," ते म्हणाले. "एकदम टणाटण."

"भेटलात तुम्ही त्यांना?"

"ते वारले न. पण हार्टनं वारले. कॅन्सरनं नाही."

इथे एक सांगून टाकतो. पुण्यात माझा छापखाना आहे आणि माझं निम्मं काम लेबलांचं. साबण, लोणची, तेलं, चूर्णं, सगळ्यांची लेबलं मी छापतो. 'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्द मी इतक्या वेळा हिरव्या शाईत छापले आहेत, की झोपेतही त्यांचा टाइप जुळवू शकेन. ते छापण्याआधी मला कुणी पुरावा दाखवला नाही आणि मागण्याचा मला अधिकार नाही. कुणी पैसे देऊन तसं मागितलं, तर धोतऱ्याच्या बियांवरही मी तेच छापून देईन, कारण धोतराही नैसर्गिकच आहे. त्यामुळे ती डबी हातात घेतल्यावर इतरांना वनस्पती दिसतात, मला शाई दिसते.

संध्याकाळी नानांना एकटं गाठून मी विषय काढला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "शुक्रवारी अकोल्याला येतो मी. डॉक्टरांना तोंडावर सांगतो, नाही घेत म्हणून. पण जायचं माझ्या रस्त्यानं."

अमरावतीहून अकोल्याला मूर्तिजापूरवरून सरळ रस्ता आहे. नानांचा रस्ता अंजनगाव सुर्जीवरून, अकोटवरून, हिवरखेडला मुक्काम करून आणि तेल्हाऱ्यावरून. कारण? डबी अंजनगावच्या एका व्यापाऱ्याकडची. आणि नानांना अलीकडे संशय यायला लागला होता, की डबीत भेसळ आहे. मला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. भेसळ असली तर डबी सोडायची असं त्यांच्या डोक्यात नव्हतंच. भेसळ असली तर जिथे वनस्पती उगवते तिथेच जाऊन अस्सल माल आणायचा, असा त्यांचा बेत होता.

गुरुवार, अंजनगाव सुर्जी

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, कापसाच्या वेचलेल्या पऱ्हाट्या, उभी तूर, आणि लांब उत्तरेला सातपुड्याची निळसर कड. मोठा देखणा मुलूख आहे. मला तो डोळ्यांतून पाणी गाळत बघावा लागला, कारण काचा खालीच होत्या. मफलर घेऊन, टोपी घालून, शिंकत मी गाडी चालवत होतो आणि शेजारी नाना स्वेटर काढून, शर्टाचं वरचं बटण उघडून बसले होते.

"नाना, काच थोडी वर घेऊ का?"

"हवा पाहा किती स्वच्छ हाय."

अंजनगावच्या बाजारातलं ते दुकान म्हणजे एका खोलीत भिंतभर डब्या. मालक चाळिशीचा, हसतमुख, कपाळाला गंध. नानांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि त्याची उलटतपासणी सुरू केली. मी नानांना कोर्टात कधी पाहिलं नव्हतं. तो योग इथे आला.

"ह्या कॅप्सूल तुमी कुठे भरता?"

"आमी नाही भरत साहेब. माल तयार येते."

"कुठून?"

"इंदूरकडून."

"मग डबीवर तुमचा पत्ता कावून?"

"लेबल आमचं हाय न."

"आत काय हाय ते तुमी स्वतः तपासलं?"

"साहेब, वर लिहून हाय न सगळं."

"ह्यानं बरा झालेला एक तरी पेशंट तुमच्या डोळ्यांनी पाहिला?"

"डोळ्यांनी असा नाही. पन लई फोन येतात."

"फोन," नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे ऐकीव पुरावा."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मालकाचा चेहरा उतरला होता, त्यानं चहा मागवला होता आणि डबीची पार शोभा झाली होती. बाहेर येऊन मी गाडीचं दार नानांसाठी उघडलं आणि म्हणालो, "मग मिटलं ना हे प्रकरण?"

"मिटलं," नाना म्हणाले. "हा माणूस भरवशाचा नाही. आता सरळ मळ्यातच जाऊ."

भर बाजारात मी डोकं गाडीच्या टपावर टेकवलं. टप गार होता.

गुरुवार दुपार, हिवरखेड

हिवरखेडला नानांचे जुने अशील राहतात, सुखदेवभाऊ. त्यांचा बांधाचा दावा नानांनी कधीकाळी लढवला आणि जिंकला. तेव्हापासून वकीलसाहेब जे सांगतील ते सुखदेवभाऊंच्या घरात प्रमाण. त्यांचा पानपिंपरीचा मळा आहे. ही मुळात मिरीच्या जातीची वेल. तिला बोटाच्या पेराएवढी लांबट फळं लागतात, ती वाळली की काळी पडतात आणि औषधवाल्यांकडे जातात. पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात पिंपळी म्हणून मिळते, तीच.

मळ्याच्या तोंडाशीच सुखदेवभाऊंनी चपला काढल्या. "आत जोडे घालून जात नाहीत बाप्पा. देवाचं ठिकाण हाय." नानांनीही काढले. मी बूट काढले, मोजे काढले आणि आत गेलो. आत मात्र हरखून गेलो, हे कबूल करतो. पांगऱ्याच्या झाडांवर चढलेल्या वेलींच्या दाट रांगा, मधून ओलसर वाटा, उन्हाचा कवडसाही न लागणारी गार सावली. मी वर बघत चाललो होतो आणि पांगऱ्याचा काटा नेमका टाचेत गेला. लंगडत मागे वळलो, तर नाना बांधावर बसलेले. कंबर धरून, डोळे मिटून. घरून निघाल्यापासून त्यांनी कंबरेचं नाव काढलं नव्हतं.

"कंबर दुखतेय?"

"उगाच. बसलो जरा."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की काट्याचं भान राहिलं नाही. हाडांत शिरलेला रोग, त्याला थोपवणारं एकच इंजेक्शन, आणि हा शहाणा माणूस अनवाणी मळ्यात अस्सल पिंपरी शोधत होता. बोलायला तोंड उघडलं तर शिंक आली.

काटा सुखदेवभाऊंच्या पत्नीनं, यमुनाबाईंनी सुईनं काढला. मग जेवायला बसवलं. रोडगे, वांग्याची भाजी, तूप, मिरचीचा ठेचा. नानांच्या पानात वांगं पडताच ते म्हणाले, "मले वांगं चालत नाही. पथ्य हाय, डबीचं." यमुनाबाईंचा चेहरा पडला. पाहुण्याच्या पानातली भाजी परत कशी घ्यायची? ती माझ्या पानात आली. "जवाईबापू, तुमाले तं काही पथ्य नाही न?" जावयाला नसतं. माझ्या पानात दोघांचा स्वयंपाक झाला आणि मी तो संपवला, कारण भाजी खरोखर अप्रतिम होती.

पण माझ्या लक्षात आलं, की सुखदेवभाऊही वांग्याला हात लावत नाहीयेत. नानांनी जे जे नाकारलं, ते ते त्यांनीही ताटाबाहेर सारलं. नानांनी कॅप्सूल घेतली, तेव्हा त्यांनी खिशातून पुडी काढली आणि चिमूटभर वाळली पिंपरी तोंडात टाकली.

यमुनाबाई हे बघत उभ्या होत्या. हातातलं तुपाचं भांडं त्यांनी खाली ठेवलं.

"साहेब, एक विचारू का? रागावू नका."

"तू गप राय," सुखदेवभाऊ म्हणाले.

"नाही राहात मी गप. साहेब, यायलेबी तोच रोग हाय, तुमचावाला. अकोल्याले सुई घ्याले जा लागते. मागच्या महिन्यात तारीख होती. गेलेच नाहीत."

"कावून?" नानांनी विचारलं.

"तुमचा फोन आला न तेव्हापासून. तुमी म्हनलं, पिंपरीनं रिपोर्ट खाली आला. तं हे म्हनतेत, वकीलसाहेबांसारखा मानूस आपल्या मळ्यातल्या मालानं बरा होऊन राह्यला, आन आपन मळ्याचे मालक असून सुया कावून टोचून घ्याच्या?"

नानांनी हा फोन केल्याचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मळ्यातला माल अस्सल आहे का, एवढंच विचारायला त्यांनी केला होता आणि बोलता बोलता रिपोर्टचं सांगितलं होतं. म्हणजे सुखदेवभाऊंच्या मळ्यावर विसंबून नाना इंजेक्शन सोडायला निघाले होते आणि नानांवर विसंबून सुखदेवभाऊंनी ते सोडलंसुद्धा होतं. दोघांनी एकमेकांना साक्षीदार धरलं होतं आणि पाहिलं कुणीच काही नव्हतं.

मी काहीतरी बोलणार होतो. नानांनी हात वर केला.

सुखदेवभाऊ खाली बघून म्हणाले, "साहेब, तुमी सांगा. तुमी सोडली न सुई? तुमी सोडली असन तं मी नाही घेत. तुमी म्हनसान तसं."

नानांच्या कपाळावर घाम आला होता, त्या थंडीत. त्यांनी तो पंच्यानं पुसला.

"मी सोडली नाही, सुखदेव. रिपोर्ट खाली आला तेव्हा माझं इंजेक्शनही चालू होतं. रोजच्या गोळ्याही होत्या. पिंपरी त्यांच्यासंगं होती. कोणामुळे उतरला हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आणि शपथेवर सांगता येत नाही ते मी तुले फोनवर सांगून बसलो."

"मंग उद्याची तुमची सुई?"

"घेतो. तुही यायचं संगं."

मला वाटलं, झालं. पण नाना अजून थांबले नव्हते. ते माझ्याकडे न बघता सुखदेवभाऊंनाच म्हणाले, "मले ती नको वाटते याचं कारण वेगळं हाय. ती घेतल्यापासून अंगातून एकदम वाफा निघतात. बसल्या बसल्या घाम फुटतो, चेहरा लाल होतो, जीव घाबरा होतो. रडूबी येते कधी कधी. डॉक्टर म्हणाला होता, पुरुषपणाचं हार्मोन बंद करते ते इंजेक्शन. एवढी वर्षं कोर्टात उभा राह्यलो, आता लोकांसमोर बसाची लाज वाटते. कोणाले सांगू हे? बायकोले? पोरीले?"

सुखदेवभाऊंनी मान वर केली. "मलेबी होते न साहेब! अगदी तसंच. रातच्याले अंगनात जाऊन बसतो. मले वाटलं, मलेच होऊन राह्यलं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आणि यमुनाबाई हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत.

"बाप्पा बाप्पा! याच्यासाठी सुई सोडून राह्यले? वाफा मलेबी निघत होत्या, पन्नाशीत. लई दिस. निंदाले जात होती, भाकरी थापत होती, अंगातून धारा लागत. कोनाले सांगतलं? कोनं इचारलं? आन हे दोघं पाहा!"

नानांना आधी ते आवडलं नाही. मग सुखदेवभाऊ हसले, मग नाना. मला हसू येईना. दोन दिवस कानात वारं भरून घेतलं होतं, ते अमरावतीच्या स्वच्छ हवेसाठी नव्हतं, हे आता कळत होतं. मुलीशी, बायकोशी, जावयाशी न बोलता हा माणूस काचा खाली करत होता.

शुक्रवार, अकोला

वाऱ्यानं बसलेला माझा घसा सकाळी निघताना मोकळा झाला होता. रात्री यमुनाबाईंनी पिंपरीचा मधातला काढा पाजला होता. मी तो गुण मोकळ्या मनानं कबूल केला. "बघा नाना, घशाला मात्र लगेच उतार पडला."

"काढ्यानं?" नाना म्हणाले.

"हो."

"आणि झोपताना माझ्या पाकिटातली सर्दीची गोळी कोणी घेतली होती?"

मागच्या सीटवर सुखदेवभाऊ तोंड दाबून हसत होते. माझा सगळा मुद्दा नानांनी मलाच परत करून टाकला होता आणि मला त्याचा अतिशय आनंद झाला होता, पण तो मी दाखवला नाही. तेल्हाऱ्याला थांबून तिघांनी चहा घेतला. नानांनी भजी मागवली. पथ्याचं कुणी बोललं नाही.

दवाखान्यात दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले. आधी नानांनी घेतलं, मग सुखदेवभाऊंनी. डॉक्टरांनी सुखदेवभाऊंना उशिराबद्दल झापलं आणि नानांची डबी उलटसुलट करून पाहिली. "यात काय आहे हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. माझी औषधं चालू असताना मला न विचारता काही घ्यायचं नाही." मग नानांनी घसा खाकरला आणि वाफांचं सांगितलं. दरवाजा उघडा होता, बाहेर माणसं होती, तरी सांगितलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टर म्हणाले. "यावर औषध आहे."

वर्षभर. वर्षभर हा माणूस कोर्टातल्या माणसांपासून तोंड लपवत होता, आणि त्यावर औषध होतं. मी बाहेर जाऊन रस्त्याकडेला उभा राहिलो, कारण मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडण्यासारखं कुणीच नव्हतं.

सुखदेवभाऊंना आम्ही स्टँडवर सोडलं. त्यांनी नानांचा हात धरला. "साहेब, पुढच्या सुईले तुमी येसान न? तुमी आले तं मी येतो."

"येतो," नाना म्हणाले. नुसतं एवढंच. यापुढे किती वेळा येता येईल हे त्या दोघांनाही डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे सांगता येत नाही असंच सांगितलं होतं.

परतीला सरळ रस्ता घेतला. ऊन उतरलं, गारठा वाढला. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा नानांचा फोन वाजला. सुखदेवभाऊ होते, एसटीतून बोलत होते, इतक्या मोठ्यानं की मलाही ऐकू येत होतं.

"साहेब, वाफ आली म्हनून खिडकी उघडली, तं कंडक्टर ओरडून राह्यला!"

"सांग त्याले, इंजेक्शन घेतलंय म्हणून," नाना तितक्याच मोठ्यानं म्हणाले. "कॅन्सरचं इंजेक्शन हाय, वाफा निघतात, लपवाचं काही नाही म्हणा."

फोन ठेवला. थोडं अंतर गेलं. नानांनी स्वेटरचं बटण काढलं, आणि त्यांच्या बाजूचं काचेचं बटण दाबलं नाही. माझ्याकडे वळले.

"श्रीकांतराव, मले वाफ आली. काच खाली करू का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. मी म्हणालो, "करा." आणि माझ्याही बाजूची खाली केली.